तीन पाईप आणि गोडं पाणी

“मॅडम, आमच्या शाळेचं पाणी गोड का लागतं?”

प्रश्न विचारून झाला तरी भोंगा खाली बसली नाही. उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं अशी अटच होती. पैज लावली होती मागच्या बाकावरच्या लंबूने आणि तिला भरीस घातलं होतं शेजारच्या चष्म्याने. मॅडमनी फळ्यावर जमिनीच्या पोटातलं चित्र काढलं होतं: वर भराव, मग वाळू, मग चिकणमातीचा जाड करडा पट्टा, त्याखाली भेगाळ खडक. वाळूतलं पाणी मचूळ आणि खडकातलं गोडं, असं त्या म्हणाल्या मात्र, लंबू कुजबुजली, “विचार ना, साखर कोण घालतं म्हणून. हिंमत आहे का?” भोंग्याने प्रश्न ऐन वेळी जरा सभ्य केला, इतकंच.

वर्ग फिदीफिदी हसला. मॅडमही हसल्या. भूजलवाल्या मॅडम म्हणून सगळे त्यांना ओळखत. शाळेच्या मागच्या तारेपलीकडे जुन्या कुलूप कारखान्याची रिकामी जमीन होती. तिथे बाग करायची ठरली होती आणि त्याआधी जमिनीखाली काय काय आहे ते तपासायला मॅडम आल्या होत्या. दिवसभर यंत्राचा धडधडाट चालणार, मुलींनी घाबरू नये, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना एक तास दिला होता.

“गोडं म्हणजे खारट नाही ते,” मॅडम म्हणाल्या. “पिण्याजोगं. साखरेसारखं गोड नव्हे.”

“नाही मॅडम, आमचं खरंच गोड आहे. जिभेच्या टोकाला लागतं. आणि वासही येतो, मार्कर पेनचं टोपण उघडल्यावर येतो ना, तसा. पण अगदी हलका हं, छान!”

“अगदी, अगदी!” दहाबारा जणी एकदम ओरडल्या. “सवय झाली की कळत नाही,” कोणीतरी मागून म्हणालं.

मॅडमच्या हातातला खडू तिथेच थांबला.

“कुठलं पाणी हे?”

“आमच्या बोरचं!” भोंग्याची मान अशी काही ताठ झाली की विचारू नका. “पटांगणातल्या. माझ्या बाबांनी खणलंय ते!”

ही भोंगा गेल्या वर्षापर्यंत भोंगा नव्हतीच. हजेरीला ती ‘हजर’ म्हणायची तेही इतकं दबक्या आवाजात की महिन्यातून दोनदा तिची गैरहजेरी लागायची. मग क्रीडादिनाच्या दिवशी माईक बंद पडला, बाईंनी जवळ उभी असलेली पहिली मुलगी पुढे ढकलली, आणि या पोरीने धावण्याच्या सगळ्या शर्यतींचे निकाल नुसत्या गळ्याच्या जोरावर अख्ख्या मैदानाला ऐकवले. ऐकणारे चाट पडले. ती स्वतः सगळ्यांत जास्त. कारखान्याचा जुना भोंगा शहराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा म्हणे, तेव्हा हेच नाव पडलं आणि तिलाही ते भारी आवडलं. तेव्हापासून तिला गप्प बसवणं कोणाच्या बापाला जमलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याही.

तास संपायच्या आत मॅडम पटांगणात होत्या, आणि त्यांच्यामागे निम्मा वर्ग. त्यांनी पंप चालू करायला लावला आणि पाणी नुसतं वाहू दिलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

“वाया चाललंय की,” चष्मा हळहळली.

“नळीत साठून राहिलेलं शिळं पाणी जाऊ दे आधी. आत्ता खाली जे आहे ते मला हवंय.” मग त्यांनी करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या काढल्या, काठोकाठ भरल्या, झाकण लावून उलट्या धरल्या आणि डोळ्यांजवळ नेल्या. आत एकही बुडबुडा चालत नाही म्हणाल्या. बुडबुडा राहिला तर जे मोजायचं तेच त्यात उडून जातं.

“ते म्हणजे काय?” भोंग्याने बाटलीत नाक खुपसायला मान पुढे केली.

“लांब हो!” मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या की खुद्द भोंगा दोन पावलं मागे सरकली. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “वास घ्यायचा नाही. आणि निकाल येईपर्यंत हे पाणी कोणी प्यायचं नाही.”

निकाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मॅडमनी मुलींना सगळं सांगितलं. त्या मोठ्या माणसांपासून लपवत नव्हत्या आणि लहानांपासूनही नाही. कारखान्यात कुलपांचे सुटे भाग तयार व्हायचे, त्यांना तेल लागलेलं असायचं, आणि ते तेल काढायला एका पातळ औषधात ते बुचकळून काढायचे. औषध खराब झालं की मागच्या खड्ड्यात ओतून द्यायचे. वर्षानुवर्षं. तेव्हा तसंच करत, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

“तेल पाण्यावर तरंगतं ना? याचं उलटं आहे. हे पाण्यापेक्षा जड. ते बुडतं. वाळूतून बुडत बुडत चिकणमातीवर जाऊन बसतं, बशीत सांडलेला चहा बसावा तसं. चाळीस वर्षं ते तिथेच बसून आहे. बशी धड आहे तोवर खालच्या गोड्या पाण्याला धक्का नाही.”

“आणि बशीला भोक पडलं तर?” लंबूने विचारलं.

मॅडमनी पटांगणातल्या बोरकडे पाहिलं. 

भोंग्याचे बाबा बोरवाले. ‘आपला धंदा भोकं पाडायचा’ हा त्यांचा ठेवणीतला विनोद होता. घरी कोणी पाहुणा आला, चहा झाला, की हटकून शाळेच्या बोरची गोष्ट निघायची. भोंग्याला ती तोंडपाठ होती, बाबा कुठे थांबणार आणि कुठे मांडीवर थाप मारणार यासकट.

“अठ्ठावन्न फुटांवर चिकणमाती लागली. लोण्यासारखी! सगळे म्हणाले, थांबा, इथवर मिळालं ते पाणी घ्या. मी म्हटलं, मचूळ पाणी पोरींना पाजू? हाण पुढे! पंधरा फूट चिकणमाती, मग खडक, आणि एकशेदहावर जे पाणी लागलं, अहाहा, गोड म्हणजे गोड!” इथे थाप. “पण आता गंमत ऐका. लोखंडी पाईप वीस फुटांचा एक. लागायला हवे चार. चौथ्याचे आटेच गेलेले, बसेना. नवा यायला आठवडा, आणि दुसऱ्या दिवशी शाळेचं उद्घाटन, पुढारी येणार, नळ सोडणार. मी म्हटलं, तीन बस्स! तीन पाईप चिकणमातीत टेकवले दोन फूट, की खाली चिकणमाती आपोआप उभी राहते भिंतीसारखी. आपण कशाला पाईप घालायचा? निसर्गाचा पाईप आहे की!”

पाहुणे मनापासून हसायचे. भोंगाही हसायची. तिचे बाबा असे होते की चार पाईपांचं काम तीनांत करतील आणि वर पाणी गोड काढतील. शिवाय रोज संध्याकाळी ते शाळेच्या नळावरून एक कॅन भरून घरी आणायचे. घरच्या नळाच्या पाण्याला ती चव नव्हती.

निकाल आला त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी प्रार्थनेनंतर माईक हातात घेतला आणि आपल्या बोरच्या पाण्यात ते औषध सापडल्याचं सांगितलं. शाळेचे सगळे नळ तारेने बांधले गेले. पाण्याचा टँकर आला. शाळेभोवतीच्या वस्तीत याच खडकातल्या पाण्यावर चालणारी बारा बोरं होती. त्यांतल्या चार बोरच्या पाण्यातही ते औषध सापडलं. बाकीची आठ अजून स्वच्छ होती. ‘अजून’ हा शब्द मॅडमनी दोनदा उच्चारला.

“आम्हाला काय होणार आता?” चष्म्याने विचारलं. तिची धाकटी बहीण पहिलीत होती. तिने नुकतंच स्वतःची पाण्याची बाटली स्वतः भरायला शिकून घेतलं होतं आणि त्याचा तिला कोण अभिमान.

“डॉक्टर रक्त तपासतील सगळ्यांचं.”

“पण काय होणार?”

“माहीत नाही, बाळा. बहुतेकींना काहीच नाही. कोणाला होईल, कधी होईल, ते मला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही.”

मोठ्या माणसाने ‘माहीत नाही’ असं इतकं सरळ म्हटलेलं भोंग्याने याआधी ऐकलं नव्हतं. खोटं बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

त्याच दुपारी बाबांना शाळेत बोलावणं आलं. ऑफिसच्या खिडकीखाली लंबू, चष्मा आणि भोंगा अशा तिघी उकिडव्या बसल्या होत्या. भोंगाच त्यांना घेऊन आली होती. “बघा आता, बाबा कसं झ्याक समजावतील!” असं म्हणून.

“बोरचा नोंदीचा कागद आहे माझ्याकडे,” मॅडमचा आवाज आला. “पाईप ऐंशी फूट लिहिलाय.”

“हो.” बाबांचा आवाज.

“म्हणजे चार पाईप. चिकणमातीतून पार जाऊन खडकात.”

“खडकात चांगला सात फूट.”

“नक्की ना? मला कागदापेक्षा तुमचा शब्द महत्त्वाचा आहे. खणणाऱ्याच्या हाताला जे कळतं ते कागदावर येत नाही.”

आतली खुर्ची करकरली.

“कागदावर आहे तेच,” बाबा म्हणाले.

लंबूने भोंग्याचा दंड दाबला. “सुटले काका! त्यांची चूक नाही!” चष्म्याचा तर चेहराच उजळला. आणि भोंग्याला वाटलं, आपल्या कानात पाणी गेलंय. लंबूचे ओठ हलताना दिसत होते.

आत मॅडम सांगत होत्या, “मग हे बोर दोषी नाही. म्हणजे चिकणमातीलाच कुठेतरी तडा आहे किंवा ती कुठेतरी संपली आहे. ते शोधावं लागेल. अख्ख्या जमिनीत तपासणीची बोरं घ्यायची म्हणजे वर्ष जाईल, दीड जाईल.”

“या बोरमध्ये कॅमेरा नाही का सोडता येत?” मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

“यादीत नाव घातलंय. सहा महिने. आणि हे बोर खणणाऱ्याने नीट बांधलंय म्हटल्यावर यादीत ते मागेच पडणार.”

बाबा बाहेर आले तेव्हा तिघी पायरीवर साळसूदपणे उभ्या होत्या. बाबांनी लेकीकडे पाहिलं. नेहमी ते तिच्या डोक्यावर टपली मारायचे. आज खिशात किल्ली शोधत राहिले, आणि किल्ली तर त्यांच्या हातातच होती.

मैत्रिणींना कसंबसं कटवून भोंगा तारेपाशी गेली. पलीकडे मॅडम एका लांब लाकडी पेटीत मातीचे गोळे ओळीने मांडत होत्या, प्रत्येकाखाली खोलीची चिठ्ठी. अठ्ठावन्नच्या चिठ्ठीवरचा गोळा करडा, गुळगुळीत होता. बाबा म्हणायचे तसाच. लोण्यासारखा.

“मॅडम, समजा... म्हणजे नुसतं समजा हं. एखाद्याने पाईप चिकणमातीच्या वरच्या टोकालाच टेकवला आणि पुढे तसंच उघडं भोक खणलं, तर?”

“तर ते बोर नाही, मोरी झाली. बशीवरचं सगळं त्या पाईपच्या बाहेरून घसरत थेट खाली जाणार.”

“मग काय करायचं त्याला?”

“तळापासून सिमेंट भरायचं. तसं असतं तर मी उद्याच बुजवलं असतं.”

“आणि मग पाणी चांगलं होणार?” भोंग्याने तार दोन्ही हातांनी धरली.

मॅडमनी मातीचे हात पॅन्टला पुसले. “नाही. खाली गेलंय ते खडकाच्या केसाएवढ्या भेगांत शिरलंय. ते बाहेर काढायला तीस वर्षं लागतील, चाळीस लागतील, किंवा निघणारही नाही. फक्त जे जातंय ते थांबेल. उरलेली आठ बोरं वाचतील. कदाचित.”

तीस वर्षं. भोंग्याने हिशेब केला. तेव्हा ती आईपेक्षा मोठी असेल.

“का विचारतेस?”

“असंच,” ती म्हणाली, आणि ते इतक्या हळू म्हणाली की मॅडमना पुन्हा ‘काय?’ असं विचारावं लागलं.

घरी आई स्वयंपाकघरात कॅनसमोर उभी होती. वीस लिटरचा निळा कॅन, जवळजवळ भरलेला, निकालाच्या आदल्या संध्याकाळपासून तसाच ओट्यावर. ‘निकालाबिकालाला काय घाबरायचं’ म्हणून बाबांनी तोही कॅन भरून आणला होता.

“बरं झालं आलीस,” आई म्हणाली. “मला एक सांग, हे मी ओतू कुठे? मोरीत ओतलं तर ते जाणार जमिनीतच. झाडाला घालावं तर झाडाचं काय वाईट केलंय मी? रस्त्यावर ओतलं तर लोक काय म्हणतील, बोरवाल्याच्या घरचं पाणी. सकाळपासून तीनदा उचलला आणि तीनदा खाली ठेवला.”

भोंगा रोज आईची थट्टा करायची. आज ती आईशेजारी जाऊन उभी राहिली. दोघी कॅनकडे बघत राहिल्या. पाणी इतकं नितळ की पलीकडच्या फरशीची नक्षी त्यातून दिसत होती.

बाबा मागच्या दाराच्या पायरीवर बसून यंत्राच्या टोकाचे दात घासत होते. ते कालच घासून झाले होते.

“बाबा, तीन पाईप होते ना?”

ब्रश थांबला नाही. “कोण म्हणतं?”

“तुम्हीच. मामाला सांगितलंत, शेजारच्या काकांना सांगितलंत, गॅसवाल्यालासुद्धा सांगितलंत!”

“गोष्ट होती ती. गोष्टीत माणूस चार शब्द वाढवून सांगतो.”

“तुम्ही वाढवून नाही, एक कमी करून सांगितलात.”

आई दारात आली. “काय चाललंय बापलेकीचं? कसले पाईप?” मग तिचं तिलाच उमगलं. गोष्ट तिनेही पन्नासदा ऐकली होती, चहाचे कप गोळा करता करता. तिने पदर तोंडाला लावला आणि कॅनकडे वळून पाहिलं. “अहो,” ती एवढंच म्हणाली.

बाबांनी ब्रश खाली ठेवला. “कागद आधीच भरलेला होता. चार लिहिले होते, कारण चार घालायचे ठरलं होतं. पाईप बसला नाही. मी म्हटलं, नंतर बघू. नंतर काय, पाणी गोड निघालं! सगळी शाळा पाणी पिऊन खूश. मग कोण उकरून बघतं?” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. हाताची काळी मळी कपाळाला लागली. “मला काय ठाऊक, वर काय बसलंय ते? मी चांगलं पाणी काढायला गेलो होतो गं.”

“मला माहीत आहे, बाबा.”

“मी सांगितलं तर खाली गेलेलं वर येणार आहे का?”

“नाही येणार. मी विचारलं मॅडमना.”

“मग? उद्यापासून मला भोक पाडायला कोण बोलावणार? ज्यांच्या पोरींनी ते पाणी प्यायलंय त्यांच्यासमोरून मी गाडी कशी नेऊ? आणि तू त्याच शाळेत जायचंस.”

“तेच म्हणते मी,” आई मध्ये पडली. “तुझे वडील आहेत ते. सहा महिन्यांनी कॅमेरा येतोय ना? दिसेल त्यात काय दिसायचं ते. आपण आपल्या तोंडाने कशाला? जरा गप्प बसायला शीक पोरी, आधी बसायचीस की.”

आधी बसायची. खरंच होतं. आणि किती सोपं होतं ते! पैज घेतली नसती, लंबूने खिजवलं नसतं, तर आज संध्याकाळी बाबा कॅन भरून आले असते आणि सगळ्यांनी घटाघटा पाणी प्यायलं असतं. भोंग्याला लंबूचा राग आला, मग मॅडमचा, मग त्या मुडद्या चौथ्या पाईपचा, ज्याचे आटे ती जन्मायच्या आधी गेले होते. कोणावर ओरडावं म्हटलं तर कोणीच सापडेना. समोर तिचे बाबा होते, कपाळावर मळी लागलेले, आणि आई, आणि मागे तो कॅन. चष्म्याची बहीण तिला आठवली, दोन्ही हातांनी नळाखाली बाटली धरलेली, जीभ बाहेर काढून, एक थेंब सांडू न देता.

रडू येईल असं वाटत होतं, पण आला तो आवाज. भोंग्याचा नव्हे. जुना, हजेरीचा. तरीही स्वयंपाकघराच्या पलीकडल्या भिंतीपर्यंत तो स्पष्ट पोचला.

“बाबा, आई, उद्या प्रार्थनेच्या आधी मी मॅडमकडे जाणार आहे. तीन पाईप होते म्हणून सांगणार आहे. बाबा, तुम्ही माझ्याबरोबर आलात तर तुम्ही सांगा, मी तोंड उघडणार नाही. नाही आलात, तर मी सांगेन.”